कृष्णविवराचं वजन घटतं कसं? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कृष्णविवरांवर लिहिलं तेव्हा शेवटी एक ओळ टाकली होती, की भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगच्या म्हणण्याप्रमाणे कृष्णविवर हळूहळू विरत जातं. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या अख्ख्या लेखावर नाही आली. त्यातली तीन घेतोय. पहिल्याला जागा जास्त जाणार, कारण त्यातली शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे आणि तिचं नेहमी दिलं जाणारं उत्तर मला अजिबात पटत नाही.

प्रश्न १ (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, देवगड): सर, सगळीकडे असंच वाचतो की कृष्णविवराच्या काठावर कणांची जोडी तयार होते, एक आत पडतो, दुसरा बाहेर पळतो, आणि ते बाहेर पळणारे म्हणजे हॉकिंग रेडिएशन. पण आत काहीतरी पडलं तर वजन वाढायला पाहिजे ना? कमी कसं होतं? नेगेटिव्ह एनर्जीवाला आत पडतो म्हणतात, पण मग दर वेळी तोच कसा पडतो, कधीतरी पॉझिटिव्हवाला का नाही?

उत्तर: तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. जोडीचं ते चित्र धरून बसलात तर याला उत्तर मिळणार नाही, कितीही डोकं खाजवा. ते चित्र हॉकिंगनेच दिलंय हे खरं, पण १९७५ च्या मूळ पेपरमध्ये त्याने तिथल्या तिथे बजावलंय की हे फक्त समजुतीपुरतं आहे, शब्दशः घेऊ नका. पुढे चित्र पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून गावोगाव फिरलं आणि त्याची ती सूचना पेपरातच राहिली.

एक साधा हिशोब करून बघा. सूर्याएवढ्या वजनाच्या कृष्णविवराची त्रिज्या येते ३ किलोमीटरच्या आसपास. त्याचं हॉकिंग तापमान, म्हणजे हे रेडिएशन ज्या तापमानाचं असतं ते, केल्विनच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी, आणि इतक्या थंड वस्तूतून जे रेडिएशन निघेल त्याची लाट असते चाळीस-पन्नास किलोमीटर लांबीची. म्हणजे विवर सहा किलोमीटर रुंद आणि त्यातून निघणारी एक लाट मालवणपासून कणकवलीपर्यंत. आता एवढी लांब लाट काठावर ठिपक्यासारखी जन्मून आत पडू का बाहेर जाऊ असं करेल कशी? ती विवरापेक्षाच मोठी आहे, तिला काठ असा कुठला सापडायचाच नाही.

म्हणून ठिपके सोडून द्या आणि लाट धरा.

या विषयात मूळ गोष्ट आहे फील्ड, कण नंतर येतो. फील्ड सगळीकडे पसरलेलं असतं, समुद्रासारखं, तुमच्या खोलीतही आणि दोन ताऱ्यांच्या मधेही. ते थरथरतं, आणि प्रत्येक सुराच्या थरथरीची एनर्जी जिन्यासारखी पायरी-पायरीने चढते. एक पायरी वर असेल तर आपण म्हणतो एक कण आहे, दोन असतील तर दोन कण. सगळे सूर तळाच्या पायरीवर असले की त्याला म्हणतात व्हॅक्यूम, म्हणजे रिकामं. तळाच्या पायरीवरही फील्ड पूर्ण गप्प नसतं, थोडी चुळबुळ राहतेच, ती क्वांटमची अटच आहे.

पण बघा, सूर म्हटलं की घड्याळ आलं. सेकंदाला किती वेळा थरथरलं हे मोजायला सेकंद कुणाचा धरायचा? सपाट स्पेसमध्ये, जिथे गुरुत्व नाही तिथे, एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सगळ्यांचं यावर एकमत होतं की रिकामं कशाला म्हणायचं. वक्र स्पेसटाइममध्ये, म्हणजे गुरुत्वाने जागा आणि काळ वाकलेले असतात तिथे, ते एकमत मोडतं. माझ्या मते या अख्ख्या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, बाकी सगळं तिच्या मागून येतं.

घड्याळं वेगळी चालतात हे आता काही कुणाला नवीन नाही, आपल्या ट्रॉलरवर जो जीपीएस असतो त्याच्या सॅटेलाइटवरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि तेवढ्या वेळात उजेड ११ किलोमीटर जातो म्हणून ती दुरुस्ती करावीच लागते. पण नुसतं पुढे-मागे चालून कण तयार होत नाहीत हं. घड्याळ कायम एकाच प्रमाणात पुढे पळत असेल तर सगळे सूर थोडेसे चढे ऐकू येतील, रिकामं ते रिकामंच राहील. म्हणून आपली पृथ्वी शांत बसलीय तर तिच्या गुरुत्वातून असं काही बाहेर पडत नाही. ते प्रमाण सतत बदलत राहायला हवं.

रत्नागिरी स्टेशनच्या अलीकडे रुळाजवळ उभं राहिलात आणि न थांबणारी गाडी हॉर्न वाजवत गेली तर ती पुढ्यातून जाताना सूर एकदम उतरतो, हे सगळ्यांनी ऐकलंय. तिथे तो एकदाच उतरतो आणि थांबतो. आता कल्पना करा की तो उतरतोय, उतरतोय आणि उतरायचा थांबतच नाही, गवयाने मींड घ्यावी आणि ती खालच्या सुराला कधी टेकूच नये. तारा कोसळून कृष्णविवर होताना क्षितिजाच्या, म्हणजे ज्या काठाच्या आतून उजेडही बाहेर येऊ शकत नाही त्याच्या, अगदी लगतून निघालेल्या लाटेचं दूरच्या माणसासाठी असंच होतं. सूर्याएवढ्या विवराला दर १४ मायक्रोसेकंदांनी तिचा सूर निम्म्यावर येतो, मग परत निम्मा, परत निम्मा.

तर आत पडणाऱ्याच्या घड्याळाने जो एक शुद्ध सूर होता तो लांबच्या माणसाला अखंड मींड म्हणून मिळतो. मींड ही एका सुराची नसते, तिची फोड केली तर त्यात बरेच सूर निघतात, आणि गणिताचा खरा गाभा इथे आहे की त्यात काही उलटे सूरही निघतात, म्हणजे घड्याळ उलटं फिरवल्यावर जे येतील ते. सुलट्यात उलटे मिसळले की जिन्याचा हिशोब बदलतो. पडणाऱ्याच्या लेखी जे तळाच्या पायरीवर आहे ते दूरच्याच्या लेखी तळाला नाही, वर चढलेलं आहे. म्हणजे त्याच्यासाठी तिथे कण आहेत. आणि कुठल्या सुराचे किती हे काढलं तर नेमकं तेच प्रमाण येतं जे तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या उजेडाचं असतं. हॉकिंगने १९७४ मध्ये हे मांडलं. मी पहिल्यांदा ही आकडेमोड हाताने केली तेव्हा शेवटच्या ओळीत तापमान आपसूक आलेलं बघून रात्रभर झोपलो नव्हतो, कुठेही उष्णतेचं नाव न घेता सुरुवात केलेली आणि शेवटी थर्मामीटर हातात.

आता तुमचं वजन. लांबच्या माणसाच्या घड्याळाने एनर्जी मोजायची तर क्षितिजाच्या बाहेर ती कायम अधिकच भरते, पण क्षितिजाच्या आत त्याचा काळ हा काळ राहत नाही, दिशा बनतो, आणि म्हणून तिथे वजा एनर्जीची लाट टिकू शकते. विचित्र वाटेल पण पाण्यात अशीच गोष्ट आहे. जोरात वाहणाऱ्या पाण्यात एखादी लाट उलटी चढायला बघते आणि पाणी तिला ओढून खालीच नेतं, तर काठावर उभ्या असलेल्याच्या हिशोबात त्या लाटेची एनर्जी वजा असते. म्हणजे एवढंच, की लाटेसकट तो प्रवाह धरला तर नुसत्या प्रवाहापेक्षा एनर्जी कमी भरते. लाट उठली तेव्हा प्रवाहाने गमावलं. विवराचंही तसंच, बाहेर एक लाट गेली की तिची जोडीदार आत वजा असते आणि विवराच्या खात्यातून तेवढं वजा होतं.

म्हणून "दर वेळी तोच का पडतो" याचं उत्तर असं की तो पडतच नाही. वजावाल्याला बाहेर राहायला जागाच नाही, तो आतच असू शकतो. निवड होतेय असं जोडीच्या चित्रामुळे वाटतं.

हेही लक्षात ठेवा की या सगळ्यात फील्ड क्वांटम आहे पण स्पेसटाइम अजून आइन्स्टाइनचाच, जुना, अखंड. गुरुत्वाचा क्वांटम सिद्धांत आपल्याकडे नाही. त्यामुळे विवर अगदी एवढंसं उरल्यावर शेवटी काय होतं ते या गणिताच्या हद्दीबाहेर आहे. घाई मात्र नाही, सूर्याएवढं विवर विरायला १ वर ६७ शून्यं एवढी वर्षं लागतात आणि विश्वाचं वय आहे १३८० कोटी. शिवाय आत्ता आकाशात सगळीकडे २.७ केल्विनचं जुनं रेडिएशन भरलंय, ते विवरापेक्षा कितीतरी गरम, म्हणून आज तरी असं विवर देण्यापेक्षा घेतंच जास्त.

प्रश्न २ (बारावीची विद्यार्थिनी, गुहागर): सर, मी वाचलं की ॲक्सिलरेट होणाऱ्या माणसाला रिकामी जागा गरम वाटते. आणि आइन्स्टाइन म्हणतो की ॲक्सिलरेशन आणि गुरुत्व एकच. मग मी अंगणात नुसती उभी राहिले तरी मला व्हॅक्यूम गरम लागायला पाहिजे का?

उत्तर: बारावीत हा प्रश्न पडला याचा मला मनापासून आनंद झाला. तू वाचलंस ते विल्यम अन्रूचं १९७६ चं काम, फुलिंग आणि डेव्हिस यांनीही त्याच सुमारास त्याच वाटेवरून बरंच काढलं होतं. रॉकेटमध्ये बसून पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं, म्हणजे ९.८ चं ॲक्सिलरेशन ठेवलंस तर तापमान येतं केल्विनचे ४ भाग भागिले १ वर २० शून्यं. एक केल्विन गरम वाटायला ॲक्सिलरेशन त्याच्या २५ वर १८ शून्यं एवढे पट लागेल. म्हणून ते थेट मोजणं इतकं कठीण आहे.

अंगणाचं उत्तर मात्र "नाही" असं आहे, आणि आइन्स्टाइन चुकलाय म्हणून नाही. त्याचं तत्त्व छोट्या जागेपुरतं आहे, बंद खोलीत काय घडतं तेवढ्यापुरतं. फील्ड तुझ्या अंगणापुरतं नसतं ना, त्याची तळाची पायरी कुठली हे सगळ्या परिसरावरून ठरतं. पृथ्वीभोवती, जिथे कुठलंही क्षितिज नाही, तिथे फील्ड ज्या स्थितीत निवांत बसतं ती जमिनीवर स्थिर उभ्या असलेल्याच्या घड्याळाला धरूनच असते. रॉकेटवालीच्या मागे मात्र एक क्षितिज तयार होतं, तिथला उजेड तिला कधी गाठू शकत नाही, आणि तिथला भाग तिच्या हिशोबातून कायमचा सुटतो म्हणून उरलेला तिला गरम दिसतो. म्हणजे नुसतं ॲक्सिलरेशन बघू नकोस, क्षितिज आहे का ते बघ.

पुढे हेच शिकायचं असेल तर लांब जायला नको. पुण्याची आयुका, खगोलशास्त्राची, नारळीकरांनी १९८८ पासून उभी केलेली संस्था, तिथे थानू पद्मनाभन यांनी क्षितिज, उष्णता आणि गुरुत्व यांचं नातं या एकाच विषयावर कितीतरी वर्षं काम केलं. २०२१ मध्ये ते गेले. तिथे जाईपर्यंत तू गणित पक्कं कर, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि फूरिए, म्हणजे लाटेची सुरांत फोड करायचं गणित, एवढं आधी.

प्रश्न ३ (तांडेल, मालवण. भाचीकडून लिहून पाठवलेलं पत्र): तुमचा लेख भाचीने वाचून दाखवला. एकच विचारायचंय. ह्यां सगळा कोणी बघल्यान काय, की नुसता कागदावर?

उत्तर: तांडेलकाका, आकाशातल्या खऱ्या कृष्णविवरातून हे निघताना आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही. विश्वाच्या सुरुवातीला तयार झालेली ५० कोटी टनांच्या आसपासची बारकी विवरं असतील तर, बारकं विवर लवकर विरतं म्हणून, ती आत्ताच्या काळात शेवटाला येऊन फुटत असायला हवीत, फर्मी नावाच्या गॅमा किरणांच्या दुर्बिणीतून ती शोधली, मिळाली नाहीत. पण हे तुम्हाला सांगायला मला जास्त आवडेल की याचा अर्धा भाग तुम्ही आयुष्यभर बघत आलात.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सुकती चांगली लागलेली. खाडीतलं पाणी सगळं बाहेर धावत होतं आणि बाहेरून लाटा आत यायला बघत होत्या. वाळूचा दांडा आहे तिथे पाणी उथळ, म्हणून तिथे ओघ वाढतो आणि नेमकी तिथेच लाट मंदावते. गुडघाभर पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला जेमतेम २.२ मीटर, ओघ तेवढा झाला की लाट जागच्या जागी. मी बघत होतो, एकामागून एक लाट यायची, दांड्यापाशी आखूड व्हायची, उभी राहायची, थरथरायची, तिथेच फुटायची. एक रेघ ओढल्यासारखी. रेघेच्या आतलं पाणी सपाट, नुसते तव्याएवढे भोवरे. मधेच खाडीतून नारळाचं एक सोडण वाहत आलं आणि त्या रेघेवरून सरळ समुद्रात गेलं. सोडणाला तिथे कुठली भिंत नव्हती. लाटेलाच होती.

ही रेघ म्हणजे क्षितिज. कृष्णविवरात स्पेस स्वतः आत ओढली जाते आणि क्षितिजापाशी त्या ओढीचा वेग उजेडाएवढा होतो, म्हणून उजेड जागच्या जागी अडकतो. देवबागला दिशा उलटी आहे, बाहेरचं आत येऊ शकत नाही, त्याला श्वेतविवर म्हणतात, पण गणित तेच, काळ उलटा फिरवलेलं.

घरी पण करता येतं. स्टीलचं ताट पालथं घालायचं, नळाची बारीक धार त्यावर सोडायची. धारेभोवती पाण्याचा पातळ गुळगुळीत गोल होतो आणि त्याच्या कडेला पाणी एकदम जाड होतं. भाचीला सांगा खराट्याची हीर घेऊन गोलाच्या आत पाण्यात टेकवायला. हिरीच्या मागे इंग्रजी व्ही सारखी खूण उमटते, म्हणजे तिथे पाणी लहरीपेक्षा जोरात धावतंय. हीर कडेकडे सरकवत न्या, व्ही उघडत उघडत जातो आणि कडेवर पार सपाट होतो. ती कड म्हणजे क्षितिज, बाहेर उठवलेली लहर आत शिरत नाही. फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी नेमकं हेच करून मोजलंय.

वाहत्या पाण्यासारख्या कशातही हॉकिंगचं गणित लागू पडेल ही कल्पना अन्रूची, १९८१ ची. पुढे कॅनडात व्हँकुव्हरला एका लांब टाकीत पाणी सोडून त्यावर उलट्या दिशेने लाटा पाठवल्या. अडलेल्या लाटेच्या जागी दोन आखूड लाटा तयार झाल्या, एक सुलटी आणि एक उलटी, ती वजा एनर्जीची, वर देवगडच्या मुलाला सांगितली तीच. दोघींचं प्रमाण सुरागणिक मोजलं तर हॉकिंगच्या गणितासारखं उतरत गेलं. २०११ मध्ये हे छापून आलं. तिथला ओघ खरं क्षितिज होण्याएवढा जोरात नव्हता म्हणून त्यावर नंतर वाद झाले, तेही सांगायला हवं. शिवाय तिथे लाट बाहेरून पाठवली होती. आपोआप, काहीही न पाठवता, निघताना बघायला फार थंड जागा लागते. इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत जेफ स्टाइनहाउअरने रुबिडियमचे अणू प्रचंड थंड करून त्यांचा ओघ आवाजापेक्षा जोरात धावायला लावला, म्हणजे आवाजासाठीचं कृष्णविवर. क्षितिजाच्या आतल्या आणि बाहेरच्या थरथरीचं एकमेकींशी नातं २०१६ मध्ये दाखवलं आणि २०१९ मध्ये तापमान मोजलं, एका केल्विनच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी, आणि ते गणिताशी जुळलं.

आणि एक गोष्ट आकाशात खरंच दिसलीय, जी मला या सगळ्यात मोठी वाटते. स्पेस पसरत असेल तर घड्याळांचं प्रमाण सतत बदलतच असतं, मग तिथेही रिकाम्यातून काहीतरी यायला हवं. क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक, श्रोडिंगर, त्याला हे १९३९ मध्ये जाणवलं होतं आणि त्याला ते धोक्याचं वाटलं होतं, साठच्या दशकात लिओनार्ड पार्करने त्याचं पूर्ण गणित केलं. विश्वाच्या पहिल्या क्षणी स्पेस भयंकर वेगाने पसरली असं मानलं, तर त्या वेळची फील्डची बारीक चुळबुळ ताणली जाऊन गोठते आणि पुढे तिथेच आकाशगंगा जमायला लागतात. १९८१ मध्ये मुखानोव आणि चिबिसोव यांनी हे मांडलं. आकाशात जे २.७ केल्विनचं जुनं रेडिएशन आहे त्यात ठिकठिकाणी एक लाखात एक एवढा गरम-थंड फरक सापडतो, आणि मोठे फरक किती, छोटे किती हे मोजलं तर त्या गणिताशी छान जुळतं. दुसरं स्पष्टीकरण कुणी आणलं तर त्याला एवढं सगळं जुळवावं लागेल. म्हणजे काका, हे खरं असेल तर आपली आकाशगंगा, हा समुद्र, तुमची होडी, सगळ्याचं बी त्या रिकाम्या जागेच्या चुळबुळीत आहे.

देवबागला बघायला जाणार असाल तर तुम्हाला वेळ मी काय सांगणार, तिथीची पाऊणपट केली की भरती, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. भाचीसाठी लिहितो: पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, ओघाला खरा जोर त्यानंतर तीनेक तासांनी. दोनच्या सुमाराला दांड्यासमोर उभी राहा, पाण्यात उतरू नकोस, ओढ फार असते, आणि सोबत एक सोडण ने. ते वरच्या अंगाला टाक आणि रेघ ओलांडताना बघ.